मिश्कानचं मॉडेल किट घेताय? आधी फेव्हिकॉल लपवून ठेवा (साडेतीन स्टार)

तर झालं असं की आमच्या चिरंजीवांची बार मित्सवा (मुलगा तेरा वर्षांचा झाला की होणारा ज्यू विधी) फेब्रुवारीत होती आणि त्याच्या वाट्याला जो पाराशा, म्हणजे तोरातला, आमच्या धर्मग्रंथातला, त्या आठवड्याला वाचायचा भाग, आला तो तेरूमा. म्हणजे शेमोथ, मराठी बायबलात ज्याला निर्गम म्हणतात, त्याच्या २५व्या अध्यायापासून २७व्याच्या शेवटाशेवटापर्यंत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, या पाराशात गोष्ट नाही. समुद्र दुभंगत नाही, कुणी कुणाशी भांडत नाही, नुसती मापं, मिश्कानची, म्हणजे इजिप्तमधून निघालेल्या इस्राएल लोकांनी वाळवंटात देवासाठी उभारलेल्या तंबूची. फळी इतके हात उंच, पडदा इतके हात लांब, कड्या चार, आकडे पन्नास. पोरगं दुसऱ्याच आठवड्यात कंटाळलं, म्हणालं आई हे तर इंटिरियर डेकोरेटरचं कोटेशन आहे. आता यावर काय बोलणार, खरंच तसंच वाचतं ते. म्हणून मग हे किट मागवलं, म्हटलं हातात धरून बघितलं तर डोक्यात शिरेल.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, पुण्यातले. मूळ गाव अलिबागकडचं, आडनावाला शेवटी कर, घरात भाषा मराठी. कोकणात आमच्या लोकांना शनवार तेली म्हणायचे, कारण घाणा शनिवारी बंद. हे मुद्दाम सांगतेय कारण किट आलं ते शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला. बॉक्स टेबलावर, पोरगं बॉक्ससमोर, आणि शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत हात लावायचा नाही. तो चिडला, पण यातली गंमत अशी की तोरामध्येच हे मिश्कान बांधायच्या हुकुमाला शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीचा, हुकूम चिकटून आलाय, देवाचा तंबू बांधायचं काम असलं तरी सातव्या दिवशी हातोडा खाली ठेवायचा. शब्बाथला वर्ज्य असलेल्या कामांचे जे ३९ प्रकार मिश्ना या जुन्या ज्यू कायदेसंग्रहात मोजलेत ते आमच्या रब्बींनी, म्हणजे धर्मपंडितांनी, या मिश्कानच्याच कामांशी जोडलेत, कातणं, विणणं, रंगवणं, शिवणं, ठोकणं वगैरे. म्हणजे हे किट शनिवारी उघडणं ही डबल चूक झाली असती.

आधी वस्तूबद्दल. किंमत २,६५० रुपये, बाहेरच्या देशातून येतं, तीन आठवडे लागले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जरा कुरकुर करणार आहे. आत लेझरने कापलेली प्लायची पानं, सोनेरी रंगाचा फॉइल, छापील कापड, प्लॅस्टिकच्या बारीक वस्तूंची एक पिशवी आणि इंग्रजी माहितीपुस्तिका. प्रमाण १:९०. हे प्रमाण ज्याने निवडलं त्याला माझ्याकडून एक पूर्ण स्टार, कारण हाताचं माप, म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, साधारण ४५ सेंटीमीटर धरतात, त्यामुळे मॉडेलमध्ये एक हात म्हणजे बरोब्बर अर्धा सेंटीमीटर. पोराने पट्टी घेतली आणि तोरा उघडून ताडून बघितलं. अंगण १०० हात बाय ५० हात, मॉडेलमध्ये ५० बाय २५ सेंटीमीटर, बरोबर. मधला मंडप ३० हात लांब, १० रुंद, १० उंच, मॉडेलमध्ये १५, ५, ५, बरोबर. फळी काडेपेटीतल्या काडीपेक्षा जराशी उंच. आणि कराराचा कोश, म्हणजे मिश्कानमधली सगळ्यात पवित्र पेटी, अडीच हात लांब, तो मॉडेलमध्ये सव्वा सेंटीमीटर, शेंगदाण्याएवढा. सहा संध्याकाळी लागल्या आम्हाला, पुस्तिकेत चार तास लिहिलंय ते कुणाचे तास मला माहीत नाही.

लाकडाबद्दल एक. तोरात शित्तीमचं लाकूड म्हटलंय, मराठी बायबलात सरळ बाभूळ लिहिलंय, आणि ते चूकही नाही, बाभळीच्याच जातकुळीतलं वाळवंटी झाड आहे ते. आपल्याकडे बैलगाडीचं चाक, नांगर, कुळव या गोष्टींना बाभूळ, देव्हाऱ्याला कोणी बाभूळ वापरणार नाही. देवाने मात्र वाळवंटात जे काटेरी झाड उभं होतं तेच मागितलं. किटमध्ये बर्च प्लाय आहे. चालतंय.

आता पहिली तक्रार. फळ्या ४८ हव्यात. दक्षिणेला २०, उत्तरेला २०, पश्चिमेला ६ आणि कोपऱ्यांच्या २. आम्हाला मिळाल्या ४६. तीनदा मोजल्या, सोफ्याखाली बघितलं, कचऱ्यात हात घातला. नाहीत. कंपनीला ईमेल केला तर दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, सॉरी, पाठवतो. ते कधी आलं ते शेवटी सांगते. आणि कोपऱ्याच्या दोन फळ्या कशा बसवायच्या हे पुस्तिकेत इतकं वाईट काढलंय की विचारू नका, अर्थात मूळ वचनही काही कमी गोंधळाचं नाही, खाली जुळ्या आणि वर एका कडीत जोडलेल्या असं काहीतरी आहे, यावर पंडितांची पिढ्यान्‌पिढ्या डोकेफोड चाललीय. पण गणित सोपं आहे: सहा फळ्या दीड दीड हाताच्या म्हणजे ९ हात, रुंदी हवी १०, मग प्रत्येक कोपऱ्यातून अर्धा अर्धा हात आत दिसला की झालं. हे पोराने काढलं, पुस्तिकेने नाही.

दुसरी तक्रार मोठी आहे आणि तिच्यासाठीच हा रिव्ह्यू लिहितेय.

पुस्तिकेच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरात लिहिलंय की हे देवाचं घर, वाळवंटात देव या तंबूत राहायचा. आणि दुसऱ्या पानावर, पायरी पहिली: सर्व फळ्या तळाला आणि एकमेकींना गोंदाने पक्क्या चिकटवा. आम्ही भोळे, उत्तरेची अख्खी भिंत फेव्हिकॉल लावून चिकटवून टाकली. मग रात्री मामाला व्हिडिओ कॉल लावला. मामा इस्राएलमध्ये दिमोनात असतो, लहानपणी आजी-आजोबांबरोबर मुंबईहून तिकडे गेला, सगळं आयुष्य सुतारकामात गेलं, मराठी अजून आमच्यापेक्षा चांगली आहे. त्याने चष्मा वर केला, फोन जवळ घेतला आणि म्हणाला, "अगं, हे चिकटवलंस कशाला?" म्हटलं पुस्तिकेत लिहिलंय. म्हणाला, "पुस्तिका राहू दे, तोरात काय लिहिलंय ते वाच की. प्रत्येक फळीला खाली दोन कुसू आहेत, खाचेत बसणारी टोकं. कुसू कोण काढतो? ज्याला उद्या ते सोडवायचंय तो. चिकटवायचंच असतं तर कुसू कशाला घडवली असती?"

आणि मग आम्ही तिघांनी बसून ते वाचलं आणि मला खरंच लाज वाटली, इतक्या वर्षांत हा पाराशा किती वेळा ऐकलाय पण हे कधी डोळ्यांसमोर आलं नव्हतं. फळीला दोन कुसू, ती खाली चांदीच्या दोन उथळ्यांत बसतात, वाड्यातल्या खांबाखाली तळखडा असतो तशा. फळ्यांच्या बाहेरून कड्या, कड्यांतून अडसर, मधला अडसर या टोकापासून त्या टोकापर्यंत. पडदे शिवून एक केलेले नाहीत, पाच एकीकडे, पाच दुसरीकडे, दोन्ही काठांना पन्नास पन्नास बिरडी आणि सोन्याच्या पन्नास आकड्यांनी अडकवायचे, आणि तिथे वचन म्हणतं, म्हणजे मिश्कान एक होईल. खिळा नाही, गोंद नाही. सगळी रचनाच अशी की सकाळी देवाच्या हजेरीचा ढग तंबूवरून उठला की सोडवा, बांधा, चालू पडा. शेमोथचं शेवटचं पानही तेच सांगतं, दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या महिन्याच्या पहिल्या तारखेला मिश्कान उभं राहिलं, ढगाने ते भरून गेलं, इतकं की खुद्द मोशेला, त्यांच्या पुढाऱ्याला, आत जाता येईना, आणि लगेच पुढची ओळ: ढग वर उठला की इस्राएल निघायचे, नाही उठला तर थांबायचे. किटवाल्यांनी यातलं सगळं हुबेहूब केलं, मापं मिलिमीटरपर्यंत, आणि जी एक गोष्ट मिश्कानला मिश्कान करते तिच्यावर गोंद ओतला.

मामाने मग आणखी एक सांगितलं जे मी आता जन्मभर विसरणार नाही. म्हणाला, "आमच्या वरच्या मजल्यावरचा माणूस माझा कोण? शाखेन. हिब्रूत शाखेन म्हणजे शेजारी. आणि आमचा मोहल्ला म्हणजे शेखुना. मिश्कान त्याच धातूचा शब्द. तुम्ही म्हणता देवाचं घर. मी म्हणेन देवाचा शेजार."

आता मूळ वचन बघा, २५व्या अध्यायातलं आठवं. वेआसू ली मिक्दाश, वेशाखान्ती बेतोखाम. त्यांनी माझ्यासाठी पवित्रस्थान करावं आणि मी त्यांच्यामध्ये राहीन. त्यात नाही, त्यांच्यामध्ये. पवित्रस्थान एक, मग पुढे "त्यात राहीन" असंच यायला हवं होतं की, हिब्रूत शेवटचं एक अक्षर बदललं की झालं असतं, बेतोखो. पण आलंय बेतोखाम. आमच्या पोराचे सर म्हणतात की याचा अर्थ प्रत्येकाच्या हृदयात, आणि तसं सांगणारे मोठमोठे आहेत, पण मला विचाराल तर हृदय फार लवकर येतं यात. वचन आधी छावणीबद्दल बोलतंय. बामिदबार म्हणजे मराठी बायबलातलं गणना, तिच्या दुसऱ्या अध्यायात नकाशाच आहे, मध्ये तंबू, त्याभोवती लेवी, म्हणजे तंबूची सेवा करणारा वंश, आणि बाहेर चारी दिशांना तीन तीन वंश. म्हणजे पहाटे आपल्या राहुटीचा पडदा उचलला की समोर त्याची राहुटी. तुमचीही कापडाची, त्याचीही कापडाची. आतून कितीही सोनं असो, बाहेरून वर काय तर बकरीच्या केसांचं कापड, जे बायकांनी कातलं, त्यावर लाल रंगवलेली मेंढ्याची कातडी आणि सगळ्यात वर ताखाशची कातडी. ताखाश हा कोणता प्राणी यावर एकमत नाही, कोणी सील म्हणतो, कोणी आणखी काही. किटमध्ये निळं चकचकीत रेक्झिन दिलंय, रिक्षाच्या सीटसारखं. असो.

आणि शेजार म्हटला की शेजारधर्म आला. देवारीम, मराठी बायबलात ज्याला अनुवाद म्हणतात, त्याचा अध्याय २३. आमच्या मशिदीत (जुने लोक सिनेगॉगला, आमच्या प्रार्थनास्थळाला, अजून मशीदच म्हणतात, गोंधळू नका) हे वचन वाचलं जातं तेव्हा पोरं खाली मान घालून हसतात. छावणीच्या बाहेर एक जागा ठेव, हत्यारांबरोबर एक खुरपं ठेव, बाहेर बसायला गेलास की खणायचं आणि झाकायचं. का? कारण तुझा देव तुझ्या छावणीतून फिरतो, त्याच्या नजरेला काही ओंगळ पडू नये. देव लोकांमध्ये राहतो याचा सगळ्यात जमिनीवरचा अर्थ मला तरी हाच वाटतो, तो रात्री फेरफटका मारतो आणि त्याचा पाय कशात पडू नये याची काळजी तुम्ही घ्यायची. किटमध्ये खुरपं दिलेलं नाही, द्यायला हवं होतं.

किटमधल्या बाकीच्या वस्तू पटापट. मेनोरा, म्हणजे सात दिव्यांची समई, प्लॅस्टिकची, दोन तुकड्यांत येते, तोरात ती सोन्याच्या एकाच गोळ्यातून ठोकून काढायची आहे, जोड नको. तिची उंची तोरात दिलेलीच नाही, तीन हात धरतात ते तालमूद या रब्बींच्या ग्रंथावरून, यांनीही तेवढीच धरलीय. मेज ठीक, वरच्या बारा भाकऱ्या मोहरीएवढ्या. धूपवेदी ठीक. पितळेची वेदी पाच हात बाय पाच हात, तिला जाळी आहे, छान जमलीय. हातपाय धुवायचं घंगाळ म्हणजे शर्टाचं बटण वाटतं, आणि वाईट याचं वाटलं की ते बायकांनी दिलेल्या आरशांच्या धातूचं केलं होतं हे पुस्तिकेत कुठे नाही. तेव्हा आरसे काचेचे नव्हते, घासून चकचकीत केलेल्या धातूचे. इजिप्तमधून गुलामीतून निघताना बायकांनी जे थोडं उचललं त्यात आरसा होता आणि तो त्यांनी दिला. एक ओळ टाकायला काय जात होतं.

चांदीच्या उथळ्यांचं मात्र सविस्तर सांगते. खऱ्या मिश्कानमध्ये त्या शंभर, फळ्यांखाली ९६ आणि आतल्या पडद्याच्या चार खांबांखाली ४. प्रत्येक उथळी एक किक्कार वजनाची. किटमध्ये शंभर वेगळ्या द्यायच्या ऐवजी प्रत्येक बाजूला चंदेरी प्लॅस्टिकची एक अखंड पट्टी दिलीय, वर खाचा. खर्च वाचवला, कळतं. पण त्या उथळ्यांची चांदी कुठून आली ते ऐका. शिरगणती झाली तेव्हा वीस वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाने अर्धा शेकेल (हे चांदीचं वजन) द्यायचा होता, श्रीमंताने जास्त नाही, गरिबाने कमी नाही. डोकी ६,०३,५५०. पोराने कॅल्क्युलेटर काढला. झाले ३,०१,७७५ शेकेल. एक किक्कार म्हणजे ३,००० शेकेल, शंभर उथळ्यांना गेले ३,००,०००, उरले १,७७५, आणि ३८व्या अध्यायात लिहिलंय की उरलेल्या १,७७५ शेकेलांचे खांबांचे आकडे केले. हिशेब शेकेलला शेकेल जुळतो. सोनं, जांभळा धागा, रत्नं हे ज्याच्या मनाला येईल त्याने दिलं, तेरूमा म्हणजे तेच, मनापासून वेगळं काढलेलं दान. पण पाया ऐच्छिक नव्हता, पाया सगळ्यांचा सारखा. कोटेशन म्हणून हिणवणारं पोरगं हे झाल्यावर पाच मिनिटं गप्प बसलं होतं, मी वेळ लावली नव्हती पण साधारण पाच.

म्हणून आम्ही नंतर काय केलं, उत्तरेची चिकटलेली भिंत तशीच ठेवली आणि बाकी काहीच चिकटवलं नाही. फळ्या खाचांत घट्ट बसत नाहीत, लेझर कटिंगमध्ये कुसू किंचित बारीक झालीयत, पण अडसराच्या काड्या कड्यांतून घातल्या की सगळं आपोआप ताठ उभं राहतं. हे बघून मामा फोनवर नुसता हसत होता. कड्यांमधून काडी सरकवताना जो बारीकसा कट्ट आवाज येतो ना, त्यासाठी तरी गोंद टाळा.

राहिल्या दोन फळ्या. त्या आल्या शेजारून. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये काकू आहेत, त्यांची नात रोज संध्याकाळी आमच्याकडेच. तिने आइस्क्रीमच्या दोन काड्या धुऊन आणल्या, मामाने फोनवर माप सांगितलं, पोराने कटरने तासल्या, सोनेरी पेन फिरवलं. पश्चिमेच्या कोपऱ्यात लावल्या, जवळून बघितल्याशिवाय कळत नाहीत.

पूर्ण झाल्यावर काकू बघायला आल्या. कौतुक केलं, छपराचं कापड उचलून आत वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "सुरेख आहे गं, पण तुमचा देव कुठाय यात?" मला काय सांगावं सुचेना, पण पोरगं पुढे झालं. त्याने चिमट्याने कोश बाहेर काढला, तळहातावर ठेवला, शेंगदाण्याएवढ्या पेटीवर समोरासमोर दोन करूबीम, म्हणजे पंखवाल्या आकृती, पंख वर, आणि म्हणाला, "काकू, या दोघांच्या मध्ये जी रिकामी जागा आहे ना, देव म्हणाला तिथून मी बोलेन." काकूंनी चष्मा लावून ती जागा बघितली. "म्हणजे मूर्ती नाही?" "नाही." "मग पेटीत?" "पेटीत दगडी पाट्या. कायदा." काकू म्हणाल्या, "बरं आहे, म्हणजे चोरीला जायची भीती नाही." मी सांगते, इतकं नेमकं भाष्य मी कुठल्या प्रवचनात ऐकलेलं नाही.

कोशाच्या दांड्यांबद्दल सावधान. त्या फार नाजूक आहेत, आणि पुस्तिकेत लिहिलंय की मांडून झाल्यावर काढून ठेवा. अजिबात काढू नका. २५:१५, दांडे कड्यांतच राहावेत, काढू नयेत. मेजाला दांडे, वेद्यांना दांडे, पण कायम लावूनच ठेवायचे हे फक्त कोशाबद्दल सांगितलंय. सगळ्यात आतली, सगळ्यात पवित्र वस्तू, आणि तीच सदा निघायच्या तयारीत.

पुढे शलोमो राजाने यरुशलेमला दगडाचं मंदिर बांधलं, तेव्हा काय झालं ते पोराच्या हाफ्तारात (पाराशानंतर वाचायच्या संदेष्ट्यांच्या उताऱ्यात) आलं, कारण तेरूमाबरोबर वाचतात ती मेलाखीम म्हणजे राजांच्या पुस्तकातली मंदिराच्या बांधकामाचीच हकीकत. त्या आधी त्याच्या बापाला, दाविदाला, देवाने सांगून झालं होतं की इजिप्तमधून तुम्हाला काढलं तेव्हापासून मी घरात राहिलोच नाही, तंबूतून फिरत आलोय, मी कधी म्हटलं का देवदाराचं घर बांधा म्हणून? तरी बांधलं. उद्घाटनाच्या दिवशी शलोमो म्हणतो, मी तुझ्यासाठी कायमची बसायची जागा बांधली, आणि तिथे तो शाखान, म्हणजे शेजाराचा धातू, नाही वापरत, याशाव वापरतो, बसणं, बस्तान मांडणं. आणि थोड्याच वेळात त्याच तोंडाने म्हणतो की आकाश, आकाशांचं आकाश तुला पुरत नाही, तर हे घर काय पुरणार! मला शलोमो इथे आवडतो, बिल्डरला पझेशनच्या दिवशी शंका आली. हाफ्तारा संपतो ते वाक्य तर पोराला झोपेतही पाठ होतं: हे घर तू बांधतोयस ना, तू माझ्या नियमांनी चाललास तर मी इस्राएलांच्या मध्ये राहीन. पुन्हा घरात नाही, मध्ये. आणि पुन्हा "तर". शेजारी म्हणून राहीन, पण वागणं बघून.

नाही वागले नीट, तर तो उठतो. यहेज्केल संदेष्ट्याने ते बघितलं, देवाचं तेज मंदिरातून उंबऱ्यापर्यंत, उंबऱ्यावरून पूर्वेच्या दारापर्यंत, तिथून शहराबाहेरच्या डोंगरावर. इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये मंदिर जळलं तेव्हा आत कोणी नव्हतंच म्हणायचं. पण त्याच यहेज्केलात, अकराव्या अध्यायात, हद्दपार झालेल्यांना निरोप आहे की मी त्यांना दूरदेशी पाठवलं खरं, तरी तिथे मीच त्यांच्यासाठी मिक्दाश मेआत झालो. छोटंसं पवित्रस्थान. सिनेगॉगला आपण ते नाव देतो ते इथून. शेखिना, म्हणजे देवाची हजेरी, हा शब्द तनाखमध्ये, हिब्रू बायबलात, नाही, तो नंतरच्या रब्बींचा, पण धातू तोच, शेजाराचाच, आणि ते म्हणतात की इस्राएल जिथे जिथे हद्दपार झाले तिथे शेखिना बरोबर गेली. सामान बांधून. आता पुण्यात बघा, कॅम्पातलं लाल देऊळ, तेही सिनेगॉगच, १८६७चं, त्याचं खरं नाव ओहेल डेव्हिड, ओहेल म्हणजे तंबू. रास्ता पेठेतलं आमच्या बेने इस्राएलांचं, १९२१चं, सुक्काथ शेलोमो, सुक्का म्हणजे मांडव, खोपट. एवढ्या विटा, एवढा उंच मनोरा आणि नाव तंबू. मी लाल देवळावरून हजार वेळा गेले असेन.

आता मॉडेलची खरी परीक्षा झाली ती बार मित्सवाच्या आधीच्या गुरुवारी. हॉलमध्ये टेबलावर मांडायचं होतं म्हणून घेऊन निघालो. गाडी ॲक्टिव्हा. मिश्कानचं लाकूडसामान वाहायला लेवींपैकी मरारीच्या वंशजांना चार गाड्या आणि आठ बैल दिले होते, पडदेवाल्या गेर्शोनला दोन गाड्या चार बैल, आणि कोशवाल्या कहाथला एकही नाही, त्यांनी खांद्यावर वाहायचं. आम्हाला एक ॲक्टिव्हा आणि मागे बसलेलं पोरगं. सगळ्या सुट्या फळ्या, अडसर, खांब मिठाईच्या बॉक्समध्ये गेले, कापडं घडी करून पिशवीत, कोश त्याने शर्टाच्या खिशात ठेवला आणि वरून हात दाबून धरला. राहिली ती उत्तरेची चिकटवलेली भिंत, ती कशातच मावेना, मग पिशवीतून टोक बाहेर काढून नेली, आणि एका स्पीडब्रेकरवर मधोमध तुटली. बाकी सगळं पोहोचल्यावर २० मिनिटांत उभं. त्या भिंतीला मागून सेलोटेप. फोटोत दिसते.

थोडक्यात काय बघून घ्या: माप उत्तम, लाकूड बरं, कापडाची छपाई एका धुण्यात जाईल म्हणून ओलं करू नका, मेनोरा पडली की पाय तुटतो, पुस्तिका फक्त चित्रांसाठी ठेवा आणि मजकुरासाठी तोरा उघडा. सात वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, भाकऱ्या नाकात जातील. शिकवणाऱ्यांसाठी, शब्बाथ शाळेसाठी, चर्चच्या संडे स्कूलसाठीही चांगलं आहे, फक्त गोंद नको. दर वेळी मुलांकडून सोडवून पुन्हा उभं करून घ्या. अर्धा स्टार काकूंच्या नातीच्या काड्यांचा.

आणि हो, कंपनीच्या दोन फळ्या. आल्या, बार मित्सवानंतर पाच आठवड्यांनी, छान बबल रॅपमध्ये, सॉरीच्या चिठ्ठीसह. पोराला म्हटलं बदल आता, तर म्हणाला राहू दे, तिने दिलेल्या बसल्यात. पाकीट अजून फ्रिजवर आहे, कुणाला किटमध्ये फळ्या कमी आल्या तर सांगा.